भूतकाळ

तिने फुलं खांबाच्या पायथ्याशी ठेवली आणि कुणी पाहत नाही ना, याची खात्री करून बाकावर टेकली. याच रस्त्यावर, भर गर्दीत, तिच्या मुलाने मालाची गाडी मुद्दाम माणसांच्या अंगावर घातली होती. आता तो कोठडीत होता. शिवणकाम करून एकटीने वाढवलेला, एकुलता एक.

तेव्हापासून तिच्याशी कुणी बोललं नव्हतं. वाटीभर साखर मागायला येऊन तासभर ठाण मांडणाऱ्या शेजारणी आता तिच्या दारावरून श्वास रोखून जात. शिवायला टाकलेले कपडे लोकांनी अर्धवटच परत नेले. पोलीस तेवढे बोलत, पण ती चौकशी झाली, बोलणं नव्हे. माणसाच्या आवाजासाठी तिचा जीव कासावीस व्हायचा.

शेजारी एक वयस्क बाई येऊन बसल्या. शाळेत भाषा शिकवायच्या. आपली मुलगी इथेच गेली, हे त्यांनी आपणहून सांगितलं. मग विचारलं,

"तुमचं कोण?"

"मुलगा."

यात खोटं काहीच नव्हतं. बाईंनी तिचा हात हातात घेतला आणि तिला हुंदका आवरेना. मग दोघी आपापल्या लेकरांविषयी बोलत राहिल्या. बाईंची मुलगी भारी आळशी. मेली कधी कप जागेवर ठेवायची नाही, असं म्हणून बाई एकदम गप्प झाल्या.

"माझा अजून लहानच आहे," ती घाईने म्हणाली. "दूध साय काढूनच लागतं त्याला."

"लागायचं," बाई हळूच म्हणाल्या. "म्हणून बघा एकदा. मलाही फार जड गेलं. पण म्हणावं लागतं."

शब्द ओठांवर आला होता. तो उच्चारला असता तर हात हातातच राहिला असता, उद्याही कदाचित. पण जित्याजागत्या लेकराबद्दल, आपल्याच तोंडाने?

"लागतं," ती म्हणाली.

बाई तिच्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी हात सोडवून घेतला. झटकला नाही, सोडवून घेतला.

"पुन्हा इथे येऊ नका," बाई म्हणाल्या. "कुणीतरी ओळखेल."

"बरं," म्हणून ती उठली. घरी जाताना वाटभर तिच्या मनात तेवढंच होतं, आज आपल्याशी कुणीतरी बोललं.