नव्या टीव्हीला डांबरगोळ्यांचा वास

मित्रांनो, ओटेंगचे वागणे मला पटत नाही. तो रोज सकाळी दुकान उघडतो, नव्या टीव्हींवरून मऊ फडके फिरवतो आणि माझ्यापाशी आला की तेच फडके खांद्यावर टाकून पुढे जातो. गिऱ्हाईक आले की मात्र माझ्या पाठीवर थाप मारून सांगतो, "ही आमच्या घरची थोरली." म्हणजे नाव माझे घ्यायचे आणि धूळ माझी पुसायची नाही.

मी एक जुनी टीव्हीची पेटी आहे. पुढे काच, मागे पोक, आणि वजन असे की उचलायला दोन धडधाकट माणसे लागतात. आताचे सपाट टीव्ही बघितले की वाटते, यांच्या अंगात जीव ठेवायला जागा तरी कुठे आहे? असो. मी थकले आहे, आणि थकलेल्या बाईने किती जणांना नावे ठेवायची.

माझा जन्म जर्मनीतल्या एका कारखान्यात झाला. तिथून मी एका शिंप्याच्या घरी गेले. संध्याकाळी नवरा-बायको माझ्यासमोर बसत आणि एकमेकांशी बोलायला लागू नये म्हणून माझा आवाज वाढवत. पुढे म्हातारा गेला, मग म्हातारी गेली, आणि त्यांच्या मुलाने मला रस्त्याच्या कडेला ठेवून दिले. भर पावसात. मी चालू होते, मित्रांनो. चालू वस्तूला पावसात ठेवणारी शिकलीसवरली माणसे मी पाहिली आहेत.

मग समुद्र, तेमा बंदर, आणि ट्रकच्या पाठीवर हादरे खात कुमासी शहर. इथे असाफो बाजारात पोकुआ मालकिणीचे दुकान आहे. परदेशात वापरून आलेले फ्रीज, इस्त्र्या, पंखे ती विकते. पहिल्याच दिवशी तिने मला टेबलावर ठेवून चालू केले. चित्र आले. तरी जमलेल्या बायांनी चित्राकडे पाहिले नाही. एकेक जण माझ्या पाठीशी वाकून जाळीला नाक लावू लागली. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. नंतर समजले, इथली पारखच ती. कोऱ्या खोक्यातून निघालेल्या वस्तूवर इथे कुणाचा भरवसा नाही. लोकांचे म्हणणे असे, की गोरे चांगला माल स्वतःसाठी करतात आणि आपल्याकडे पाठवायला वेगळा करतात. म्हणून त्यांच्या घरात नांदून आलेली वस्तू तेवढी खरी. आणि तिला त्यांच्या बंद कपाटाचा, डांबरगोळ्यांचा वास यायला हवा.

मला तो येत होता. चांगले गिऱ्हाईक लागले, पण मालकीण म्हणाली, "ही विकायची नाही. हिच्याकडे बघून बाकीच्या विकल्या जातील."

तसेच झाले. सामन्याच्या दिवशी ड्रायव्हर, हमाल, मक्याच्या पिठाची केंकी विकणाऱ्या बाया, सगळा बाजार माझ्यापुढे लोटायचा. लाईट गेली तरी कुणी उठायचे नाही. अंधारात बसून पंचाला शिव्या देत वाट बघायचे. आणि माल नेणाऱ्या प्रत्येकाला मालकीण एकच सांगायची, "माझ्या दुकानातून गेलेली वस्तू बिघडली तर मला येऊन शिव्या दे." फार कमी लोक आले. त्या बोलावर दुकान उभे होते.

मग सपाट टीव्हींचा काळ आला. परदेशातून येणारा जुना मालही फुटका येऊ लागला. मालकिणीच्या मेलेल्या बहिणीचा मुलगा, हा ओटेंग, तिने पोटच्यासारखा वाढवला होता. त्याने एका कंपनीचे नवे टीव्ही विकायला आणले. माल वाईट नव्हता, हे मी सवतीबद्दल बोलत असूनही सांगते. पण नवा कोण घेणार? लोक यायचे, नाक लावायचे, पुठ्ठ्याचा वास आला की निघून जायचे.

तेव्हा मला मागच्या खोलीत सरकवले होते, म्हणून मी सगळे बघितले. ओटेंगने टीव्हीवरचे प्लास्टिक सोलले. कंपनीचे नाव खरवडले, पाठीवरचा नंबर खरवडला. खोका आणि त्यातले हमीचे कागद चुलीत घातले. मग लोखंडी पेटीत एका जुन्या लोकरी कोटाखाली, डांबरगोळ्यांत, तो टीव्ही मुरत ठेवला, लोणचे ठेवावे तसा. आठवड्याने बाहेर काढला आणि मालकिणीला म्हणाला, "मावशी, हॅम्बुर्गचा माल आलाय." तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू. तिने वास घेतला आणि मान हलवली. दिवस मावळायच्या आत टीव्ही विकला गेला. मग दुसरा, मग तिसरा. प्रत्येकाबरोबर मालकिणीचा तो बोलही फुकटात दिला जात होता.

परवा त्या टीव्ही कंपनीच्या आयिटेबाई राजधानीतून, अक्राहून आल्या. गिऱ्हाइकांचे मत विचारत त्या गावोगाव फिरतात. मालकिणीने आधी पाणी दिले, मग येण्याचे कारण विचारले; परके माणूस दारात आले की इथली रीतच ती.

बाई म्हणाल्या, "आई, सगळ्या कुमासीत आमचा माल तुमच्या दुकानात जास्त खपतो. पण मी घरोघर फिरले, आमचा टीव्ही एकाही घरात नाही. लोक टीव्ही खातात की काय?"

ओटेंग घाम पुसू लागला. तेवढ्यात वेण्या घालणारी अफ्राकोमा डोक्यावर टीव्ही घेऊन आली.

"आई, तुम्ही म्हणाला होतात, बिघडला तर शिव्या दे. आले बघा. वर्ष व्हायच्या आधीच चित्र गेलं. वेण्या घालायला बाया दिवसभर बसतात, त्या काय माझं तोंड बघत बसणार? समोरच्या सलूनमध्ये जायला लागल्यात."

आयिटेबाईंनी सवयीने विचारले, "आमच्या कंपनीच्या टीव्हीबद्दल तुमचं मत काय?"

"तुमच्या? तुमचा मी फुकटसुद्धा घेणार नाही, बाई. राग मानू नका. हा बिघडला, पण हॅम्बुर्गचा आहे. आवाज ऐका कसा खणखणीत."

तिने बटण दाबले. पडदा काळाच राहिला, पण सुरू होतानाची तीन सुरांची धून वाजली. आयिटेबाईंचा चेहरा बदलला. त्यांनी पाठीवरचे ओरखडे बोटाने चाचपले.

"ही धून आमची आहे. हा टीव्ही आमचाच आहे. वर्षभर आम्ही फुकट दुरुस्त करतो. पण नंबरच खरवडलाय, आता कशाच्या आधारावर करू?"

"म्हणजे मी नवा टीव्ही घेतला होता?" अफ्राकोमा म्हणाली. "अरे देवा, मला कुणी सांगितलं का नाही?"

ओटेंग म्हणाला, "मावशी, मी कुणाला खराब माल दिला नाही. नव्याला जुना म्हटलं, एवढंच. यात फसवणूक कसली?"

मालकीण उठली. कपाटातला एक खोकाबंद टीव्ही तिने अफ्राकोमापुढे ठेवला. नाव जागेवर, हमी आत.

अफ्राकोमाने त्याला हातही लावला नाही. "नवा नको, आई. नव्याचा काय भरवसा? तुमची ती म्हातारी द्या."

आयिटेबाईंनी हे मत लिहून घेतले नाही.

तर मी आता अफ्राकोमाच्या सलूनमध्ये जाणार. हातगाडी दाराशी आली आहे. म्हातारपणी घर बदलणे सोपे नाही, मित्रांनो, पण चार बाया बघतील, हे काय कमी आहे? तुम्हाला एवढेच सांगते. घरातल्या वस्तूची धूळ पुसत जा, चालू वस्तूला पावसात ठेवू नका, आणि जी जशी आहे तशी सांगा. वस्तूला आपल्याबद्दल दुसऱ्याचे खोटे ऐकून घ्यावे लागते, आणि तिला उलट बोलता येत नाही.

हातगाडीवर दोर बांधून झाल्यावर मालकीण ओटेंगकडे वळली.

"नव्या वस्तूला लोक घाबरतात, ही त्यांची चूक. तुझ्याकडे चांगला माल होता, तू त्यांची भीती घालवू शकला असतास. तू त्या भीतीवर पोट भरलंस, आणि तोंड माझं वापरलंस. आता ज्यांना ज्यांना विकलास त्यांच्या दारात जा आणि स्वतःच्या तोंडाने सांग. मग ये. आलास की पाणी देईन, कारण विचारीन. पण या दुकानात आजपासून तू गिऱ्हाईक आहेस, ओटेंग."