पंपघराचं छप्पर

"शिडी धर म्हटलं की शिडी धरायची, व्हर्ना. सल्ले द्यायचे नाहीत."

डेल्बर्ट वरून खेकसला. मी शिडी धरली. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या माणसाने नोव्हेंबरच्या वाऱ्यात शिडीवर चढावं का, हा सल्ला माझा आधीच देऊन झाला होता आणि तो नेहमीप्रमाणे वाया गेला होता.

"माझी पेन्सिल कुठंय?"

"तुझ्या कानावर."

"मला ठाऊक होतं. तुझी परीक्षा घेत होतो."

आम्ही दोघंही हसलो. हल्ली तो माझ्या बऱ्याच परीक्षा घेतो.

गेल्या हिवाळ्यात बोअरच्या विहिरीच्या तोंडाशी आलेला पाइप गोठून फुटला आणि आम्ही बर्फ वितळवून कॉफी केली. जुनं पंपघर वादळात गेलं होतं आणि डेल्बर्ट ते 'उद्या' बांधणार होता. डार्ला, आमची मुलगी, स्प्रिंगफिल्डहून गाडी भरून पाण्याचे कॅन घेऊन आली आणि मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाली, "आई, डॅडी विसरतात म्हणून तू किती दिवस सारवासारव करणार? माझ्याकडे या आता दोघं." आत डेल्बर्टने ऐकलं. तो बाहेर आला तो तावातावानेच. "येत्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत पंपघर उभं करतो. माझ्या हाताने. नाही केलं तर ये आणि ने आम्हाला." डार्लाही त्याचीच मुलगी. म्हणाली, "ठरलं."

या खोऱ्यातली निम्मी पंपघरं डेल्बर्टने बांधलीत. खोली कसली, चार माणसं उभी राहिली तर पाचव्याने बाहेर थांबावं एवढी ती जागा. पण भिंतीत थंडी अडवणारा गुलाबी काचकापूस ठासायचा, आत बल्ब टांगायचा आणि गोठवणाऱ्या रात्री तो जळत ठेवायचा, म्हणजे त्याच्या उबेने पाइप गोठत नाही आणि घरात पाणी येतं. छप्पर मात्र विहिरीच्या बरोब्बर वर उचलून काढता आलं पाहिजे. पंप खाली खोलवर लटकलेला असतो. तो बिघडला की क्रेनचा ट्रक येतो आणि पाइपासकट सरळ वर ओढून काढतो. आमच्या पाद्रीबाबांनी एकदा स्वतःच डोकं चालवून वर पक्का सिमेंटचा स्लॅब ओतला. पंप जळला तेव्हा अख्ख्या मंडळीने घण घेऊन तो फोडला. ती गोष्ट डेल्बर्टने चर्चच्या प्रत्येक जेवणात सांगितली, खुद्द पाद्रीबाबांना बटाटे वाढता वाढता सांगितली.

तर त्या दिवशी शिडी धरून मी वर पाहिलं. विहिरीच्या नेमक्या डोक्यावर त्याने जाड वासा आडवा घातला होता आणि त्याच्यावर पत्रा ठोकत होता. खिळ्याला खिळा लागून. सगळीकडून, एका अखंड तुकड्यात.

वाटलं, आता थांबेल, आता कपाळावर हात मारेल. तो तोंडातल्या तोंडात गाणं गुणगुणत शेवटचा खिळा ठोकून खाली उतरला. "कसं झालंय?"

"छान," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

होइट क्रँडल, खोऱ्यातला पंपवाला, दुसऱ्या दिवशी मुद्दाम बघायला आला. आत गेला, वर पाहिलं आणि त्याचं तोंड उघडलं. पाद्रीबाबांचं नाव अगदी त्याच्या ओठांवर आलं होतं. मी डेल्बर्टच्या पाठीमागून नकारार्थी मान हलवली. होइटने टोपी काढली, पुन्हा घातली. "भिंती एकदम ओळंब्यात आहेत, डेल," तो म्हणाला आणि कॉफीलाही थांबला नाही. एरवी तो ओव्हनमधल्या माझ्या ॲपल पायचा वास फाटकातूनच ओळखतो.

शनिवारी डार्ला आली. तिने दार उघडून बघितलं, लाडाने भिंत थोपटली. तिला छपरातलं काय कळणार, ती दाताच्या दवाखान्यात काम करते. "डॅडी, हरले मी," ती म्हणाली आणि त्याच्या गळ्यात पडली. "राहा तुम्ही इथंच." डेल्बर्टची छाती अशी फुगली की मला रडू आलं. मी मूग गिळून बसले. मला हे घर हवं होतं. त्याहून जास्त, त्याला त्या छातीनिशी उभा बघायचं होतं. पंप काय, अजून दहा वर्षं चालेल, असं मी मनाला समजावलं.

तिची गाडी वळणाआड गेली तसा डेल्बर्ट बल्ब टांगायला आत गेला. बराच वेळ झाला तरी बाहेर येईना. मी गेले. बल्ब हातात तसाच होता आणि तो मान वर करून बघत होता.

"व्हर्ना," तो म्हणाला, "हे निघत नाही."

मी दाराच्या चौकटीला टेकले.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"होइटला?"

"हो."

तो कोपऱ्यात उलट्या बादलीवर बसला. एवढा मोठा माणूस, पण त्या क्षणी मला त्याच्याकडे बघवेना. "आणि मी पाद्रीबाबांना आयुष्यभर हसलो," तो म्हणाला. मग मान वर करून: "डार्लाला फोन कर."

"अरे, एक छप्पर ते. दोन दिवसांत नीट करू आपण. तिला कशाला सांगायचं?"

"ती पैज हरली असं तिला वाटतंय. हरली नाही ती. सांग तिला."

"ती अजून गाडी चालवत असेल. उद्या करते."

"उद्या नको." त्याने बल्ब जपून माझ्या हातात दिला आणि बादलीमागची हातोडी उचलली. "उद्या मी हे विसरलेला असेन, आणि तू मला आठवण करून देणार नाहीस."

मी घरात जाऊन फोन उचलला. रिंग वाजत होती आणि बाहेरून पत्र्यातले खिळे एकेक करून उपसल्याचा आवाज येत होता. शिडी धरायला कुणी नव्हतं.