साराचं पातेलं

बालवाडी आमच्या घरापासून चारशे पावलांवर आहे. मी मोजलीत. माझ्या लेकीला, वल्लरीला सोडायला आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, निघाल्या की मी कपडे वाळत घालायच्या निमित्ताने गच्चीवर जाते आणि त्या कुठे टेकतात ते बघते. दिवाळीत त्या कुठेच टेकत नव्हत्या. संक्रांतीनंतर दूध डेअरीच्या कट्ट्यावर एकदा. शिमग्याला डेअरी आणि लिंबाखाली, दोनदा. पाडवा झाला तशी वल्लरीच घरी येऊन सांगायला लागली, "आई, आजी ना, आज तीनदा बसली. मीच तिला ओढलं."

"लय बगू नगंस माज्याकडं," आत्ती म्हणायच्या. "सहासष्ट वर्सं झाली. आता काय उड्या मारू?"

पण त्यांचे ओठ पांढरे पडले होते. नखं पिवळसर. पोटात कळ आली की त्या भिंतीला हात लावून उभ्या राहायच्या आणि मला बघितलं की भिंतीचा पोपडा काढत असल्यासारखं करायच्या. नवरा, अमृत, जैसलमेरला ड्यूटीवर. फोनवर एकच, "आईला दवाखान्यात दाखव, मला सुट्टी मिळंना." दाखवलं होतं. आष्ट्यातल्या डॉक्टरांनी संक्रांतीला रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन सव्वानऊ होतं. लोहाच्या गोळ्या दिल्या. अडीच महिने मी स्वतःच्या हाताने गोळी दिली, पाणी दिलं, गिळेपर्यंत समोर उभी राहिले. पाडव्यानंतर पुन्हा तपासलं तर साडेसात.

शेजारच्या राहीबाई दारातूनच म्हणाल्या, "शिकल्याली सून आली आन् सासू पिवळी पडली."

आत्ती हसल्या. मला हसू आलं नाही.

आणि शिकलेली म्हणजे काय, तर मी साताऱ्यात रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी केलंय. वल्लरी झाल्यावर मीच घरातली ॲल्युमिनियमची भांडी काढली, काळे पापुद्रे निघायला लागलेला तो न चिकटणारा तवाही काढला. माळ्यावरून आत्तींचं पितळी पातेलं खाली आणलं. औंधच्या त्यांच्या माहेराहून लग्नात आलेलं, काठावर त्यांच्या आईचं नाव कोरलेलं. गेल्या दसऱ्याच्या आधी त्याला कल्हई करून आणली, आत्तींचं सार तेव्हापासून त्यातच. गोळ्यांसोबत आंबट खाल्लं की लोह जास्त अंगी लागतं, हे मी वाचलेलं. म्हणून रोज त्याच पातेल्यात टोमॅटोचं सार, वरून लिंबू. उरलेलं रात्रभर त्यातच, सकाळी गरम करून पुन्हा. आत्ती दोन वाट्या प्यायच्या. वल्लरीला ते आवडायचं नाही, तोंड फिरवायची. मी तिचं नाक धरून तीन चमचे तरी घालायचे.

गोळ्या लागू पडेनात म्हणून आत्तींना सांगलीला नेलं. तिथल्या डॉक्टर माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली बघायला लावली होती. "लाल पेशींवर निळे ठिपके दिसतायत," त्या म्हणाल्या. "ही नुसती लोहाची कमतरता नाही. घरात बॅटऱ्यांचं काम कोण करतं? जुना रंग खरवडलात? आजी भस्मं वगैरे घेतात?"

नाही, नाही, नाही. मला वाटलं, या बाईंना काही सापडत नाहीये.

"स्वयंपाक कशात करता?"

आत्ती ताठ बसल्या. "पितळंत. कल्हईच्या. आवं, माज्या सुनंनं आलमिन घरातनं भायेर काढलं. लय शिकल्याली हाय ती."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागल्या. "कल्हईच्या कथलात कधी कधी शिसं मिसळतात. आंबट शिजतं का त्यात?"

"रोजचं सार," आत्ती म्हणाल्या. "माज्या रक्तासाटनं करती."

डॉक्टरांनी काही लिहिलं. मान वर न करताच विचारलं, "घरात लहान मूल?"

मी वल्लरीचं वय सांगितलं आणि साराचे तीन चमचेही.

येताना एसटीत आत्ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपल्या. त्यांचं वजन मला जाणवतच नव्हतं. घरी आल्याबरोबर पातेलं घेतलं, आतून पांढरा कागद घासला. करडी रेघ उमटली, पेन्सिलीने ओढावी तशी. शिसं असं उमटतं. मग आठवलं, कल्हई करून आणल्याच्या आठवड्यातच आत्ती भांडं पुसताना म्हणाल्या होत्या, "फडकं काळं पडतंय गं. आदीच्या कल्हईचं आसं पडत नव्हतं." आणि मी म्हणाले होते, "नवी आहे ना, निघून जाईल."

तेवढंच असतं तर बरं. पण मला दसऱ्याआधीचा तो दिवसही आठवला. मारुतीच्या देवळामागे कल्हईवाला भाता लावून बसला होता. त्याने विचारलं होतं, सरळ विचारलं होतं, "ताई, निव्वळ कथलाची करू का मिसळीची? निव्वळ पायजे तर कथील संपलंय, परवा सांगलीसनं आनून करून देतो." दुसऱ्या दिवशी घट बसायचे होते. वल्लरी कडेवर रडत होती. मी म्हणाले, "मिसळीची करा, मला आजच हवंय." कशाची मिसळ, हे विचारलं नाही. आतून आरशासारखं चमकलं तेव्हा त्यालाच म्हणाले, छान झालंय.

दुसऱ्या दिवशी वल्लरीचंही रक्त दिलं, दोघींचे अहवाल आठ दिवसांनी आले. आत्तींच्या रक्तात शिसं अठ्ठावन्न, जे पाचाच्याही आत हवं. वल्लरीच्या नऊ. डॉक्टर म्हणाल्या, लहान मुलांत थोडंही बरं नाही, पण भांडं बंद झालंय, पुष्कळसं उतरेल, तीन महिन्यांनी पुन्हा बघू. आत्तींना सोमवारी दाखल करायचं ठरलं. औषधाने रक्तातलं निघेल, हाडांत बसलेलं हळूहळू.

अमृत फोनवर भडकला. "त्या कल्हईवाल्यानं माझ्या आईला विष घातलं! सयाजीदादाला सांगितलंय मी. रविवारच्या बाजारात दिसला की त्याचा भाताच फोडायचा, आणि दोन हानायच्या." त्याचा चुलतभाऊ सयाजी बोलतो तसं करतोच, सगळ्या आष्ट्याला माहीत आहे.

तो शनिवार होता. आत्ती परसात ऊन खात बसल्या होत्या, मांडीवर ते पातेलं. मी समोर उकिडवी बसले.

"आत्ती, त्या माणसाची चूक नाही."

"मग कुनाची?"

मी सांगितलं. त्याने काय विचारलं, मी काय म्हणाले. फडक्याचंही. वल्लरीचं नाक धरायचे तेही. मध्ये रडायला आलं नाही, एवढा थकवा होता. सांगून झालं तेव्हा त्या पातेल्याच्या काठावरून, आईच्या नावावरून अंगठा फिरवत होत्या.

"फडक्याचं मी बोलली हुती," त्या म्हणाल्या.

"हो."

"माजं न्हाई ऐकलंस."

"नाही."

"मी बी मग गप बसली. शिकल्याली हाय, म्हनलं, तिला कळत आसंल." त्या थांबल्या, दम खाल्ला. "पोरीला द्याच्या आदी तरी इचारायचं हुतंस बाई."

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला नाही. ठेवू नये असंच मलाही वाटत होतं.

"सयाज्याला बोलीव," त्या म्हणाल्या. "त्येला म्हनावं, हात लावायचा न्हाई. जाऊन सांगायचं फकस्त, मिसळ लावू नगं म्हनून. त्यो कुनाकुनाच्या घरात लावत आसंल, देवाला ठावं. आन् तू बी जायचंस संगट. तुज्या तोंडानं सांग."

"जाते."

"आन् खिळा आन. हातोडी बी."

"कशाला?"

"हे मोडीत घातलं तर कोनतरी घिऊन पुन्हा चुलीवर ठिवंल. आईचं नाव हाय त्येच्यावर, टाकायचं न्हाई. पन शिजवायचं बी न्हाई कुनी. भोक पाड बुडाला."

मी पातेलं दगडावर पालथं घातलं. खिळा धरला. तेवढ्यात त्यांनी हातोडी माझ्या हातातून घेतली. "माज्या आईचं हाय. मी मारती."

पहिला घाव बसला. दुसरा. तिसऱ्याला त्यांचा हात वर गेला आणि तिथेच राहिला. ओठ पांढरे, कपाळावर घाम. पितळेला नुसता खळगा पडला होता. त्या हातोडी मांडीवर ठेवून दम घ्यायला लागल्या. मी खिळा सोडला नाही.

वल्लरी दारात येऊन उभी राहिली होती. "आजी, किती वेळा बसणार?"

"हे एकदाच," आत्ती म्हणाल्या, आणि हातोडी माझ्यापुढे केली. "घे. हितनं म्होरं तू."