रात्रीच्या लाइटीचा आठवडा

गहिनीनाथने पेनाला टोपण लावलं आणि पगारवाढीचा कागद सही न करताच मॅडमकडे सरकवला.

सुप्याच्या एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात कागद असा परत देणारा तो सकाळपासूनचा पहिलाच माणूस. बाकीच्यांनी आकडा बघितला, सही ठोकली आणि चहाला गेले. पंकजा मॅडमनी कागद पुन्हा वरून खाली वाचला. चूक कुठेच नव्हती. मूळ पगार वाढला होता, आणि रात्रपाळीचा भत्ता रात्रीला एकशेवीसवरून एकशेऐंशी केला होता.

"कमी वाटतंय का?"

"नाही मॅडम."

"बरं, दोनशे करते. मोठ्या मशीनवर तुमच्यासारखा हात दुसरा नाही आमच्याकडे. पण याच्यावर माझ्या हातात काही नाही."

निघताना ज्ञानेश्वरीने, त्याच्या बायकोने, बजावलं होतं की आकडा ऐकून लगेच हो म्हणू नका. तिला शिलाई मशीन घ्यायची होती, आणि दोनशेत तिचा हप्ता आरामात निघाला असता. त्याने हात गुडघ्यांवर घट्ट ठेवले, नाहीतर एक हात आपला आपणच पेनाकडे गेला असता.

"भत्ता राहू द्या. मला पाळीचा गट बदलून पाहिजे."

"का?"

"आमच्या रानात मोटारीला लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. माझी पाळीही तशीच. दोन्ही सोमवारी बदलतात. रात्रीची लाईट आली की नेमकी माझी रात्रपाळी. दोन वर्षं असंच चाललंय. मग कांद्याला पाणी आमचे वडील, आण्णा, धरतात. त्र्याहत्तर वय आहे मॅडम, आणि आमच्याकडे बिबट्या फिरतो." तो थांबला. पुढचं सांगावं की नाही, असं त्याला झालं. "बांधापलीकडे रंगनाथ आहे. पण बांध कोरण्यावरून भांडण झालं, तेव्हापासून अकरा वर्षं दोन्ही घरांचं बोलणं नाही. आण्णांनी हाक मारली तरी कोण येणार?"

मॅडमनी कागद बाजूला ठेवला.

"आमच्याकडे राहुरीला या आठवड्यात रात्रीची लाईट आहे," त्या म्हणाल्या. "बाबा ऐकत नाहीत. मीच फोन करकरून झोपते." मग खुर्ची पुढे ओढून त्या पुन्हा साहेब झाल्या. "दुसऱ्या गटात मोठी मशीन रिकामी नाही. लहान मशीनवर जावं लागेल. तिथे भत्ता एकशेवीसच. नंतर माझ्याकडे येऊन रडायचं नाही."

गहिनीनाथने लगेच सही केली.

दुपारी पाळी सुटल्यावर मोटारसायकलवरून घरी येताना तो मनापासून खूश होता. नोकरी लागल्यापासून आपण बापासाठी काहीतरी केलं, असं त्याला पहिल्यांदाच वाटत होतं. रस्त्यात थांबून त्याने पावशेर जिलेबीही घेतली. ज्ञानेश्वरीने एकशेवीस ऐकून त्याच्याकडे नीट बघून घेतलं. "मशीन दिवाळीनंतर घेऊ," एवढंच ती म्हणाली आणि जिलेबी ताटलीत काढली.

काकासाहेब, म्हणजे आण्णा, ओट्यावर बसून बॅटरीची काच धोतराच्या सोग्याने पुसत होते.

"आण्णा, सोमवारपासनं रात्रीचं पाणी मी धरनार. तुमी निवांत झोपा."

आण्णांचा हात थांबला.

"तुला कोनी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? मला दिसत न्हाई व्हय?"

आण्णा लख्ख झालेली काच पुन्हा पुसायला लागले. जिलेबीला त्यांनी हात लावला नाही. गोड म्हटलं की आधी हात पुढे करणारा हा माणूस. गहिनीनाथला काही कळेना.

"मंग रंगनाथनं काय करायचं?" आण्णांनी विचारलं.

"कोन रंगनाथ?"

"किती हायेत? बांधापल्याडचा."

"त्याच्याशी बोलनं न्हाई ना आपलं?"

"दिवसा न्हाई," आण्णा म्हणाले.

दारात बसून शेंगा फोडणाऱ्या छबूबाईंनी पदर तोंडाला लावला. गहिनीनाथ आईकडे बघायला लागला, मग परत बापाकडे.

"त्याचीबी लाईट तवाच येती," आण्णा बॅटरीकडे बघत सांगू लागले. "पोरं पुन्याला. यकटाच आसतो. पयल्या वर्षी बिबट्या वरडला, तवा तोच पळत आला काठी घिऊन. आता बांधावर बसतो दोघं. दोन्हीकडच्या वाफ्यांवर ध्यान र्‍हातं. चहा माझा, शेंगा त्याच्या."

"उगंच का मोठा थर्मास भरून देती मी?" छबूबाई म्हणाल्या.

गहिनीनाथच्या डोळ्यांपुढे एका रात्रीमागे सोडलेले ऐंशी रुपये उभे राहिले. त्याला आधी राग आला. पण ज्ञानेश्वरी दाराला टेकून खुदकन हसली, आणि मग त्यालाही हसू आवरेना. हसता हसता तो ओट्यावर बापाशेजारी बसला.

"मंग आता काय करू?"

आण्णांनी बॅटरी लावून पाहिली, विझवली, बाजूला ठेवली. ताटलीतली एक जिलेबी उचलली.

"सोमवारी तूबी चल," ते म्हणाले. "पन एक ध्यानात ठिव. तिथं दिवसाचं काय बी काढायचं न्हाई."