रिकाम्या जागेवरची खरखर

घरात त्याला सगळे 'तज्ज्ञ' म्हणत. ही पदवी बायकोने दिली होती आणि ती काही कौतुकाने दिलेली नव्हती. टेलिफोन खात्यात तीस वर्षं त्याने लोकांच्या लाइनींमधली खरखर शोधली आणि एकच तत्त्व घेऊन तो निवृत्त झाला. दोष मुळापासून काढायचा, तात्पुरतं काही करायचं नाही. तेवढ्या काळात कित्येकांना फोन करता आला नाही, हा भाग वेगळा.

आता त्याच्यापुढे वडिलांची गाडी होती. तिशी कधीच उलटलेली. तिच्यात मीडियम वेव्हचा रेडिओ होता, आणि इंजिन चालू केलं की आतला माणूस बातम्या देतोय की खडी फोडतोय, हे सांगता येत नसे.

शहरातलं मीडियम वेव्हचं जुनं केंद्र रविवारी कायमचं बंद होणार होतं. शेवटच्या दिवशी दहा ते साडेदहा जुन्या निवेदकांचे आवाज ऐकवणार होते आणि त्यावरच केंद्र बंद करणार होते. त्यात त्याची आई होती. बावीस वर्षं तिने तिथे हवामान वाचलं. घरात तिचे फोटो ढीगभर. आवाज एकही नाही. "दिवसभर घरात बोलायचीच की," वडील म्हणायचे, "ते कोण कशाला टेप करून ठेवतं?" तिला जाऊन नऊ वर्षं झाली होती. हल्ली वडिलांना तिची वाक्यं आठवत, आवाज आठवत नसे. हे त्यांनी सुनेला सांगितलं होतं, मुलाला नाही. मुलाने लगेच कारण शोधायला घेतलं असतं.

घरातल्या रेडिओचा उपयोग नव्हता. इमारतीतले दिवे, चार्जर आणि लिफ्ट यांनी मिळून मीडियम वेव्ह केव्हाच खाऊन टाकली होती. मागच्या मोकळ्या जागेत उभ्या असलेल्या गाडीतच काय ते केंद्र लागे.

"खरखर इंजिनाची आहे ना? मग इंजिन बंद ठेवून ऐका," बायको सोमवारीच म्हणाली.

"बॅटरी धरत नाही. इंजिन बंद केलं की दोन मिनिटांत रेडिओ मान टाकतो."

"मग नवी बॅटरी आणा."

"म्हणजे खरखर तशीच राहणार. फक्त आपल्याला ऐकू येणार नाही."

"अहो, ऐकू येणार नाही म्हणजे गेलीच की!"

तीस वर्षं ग्राहकांकडे बघितलं, तसं त्याने तिच्याकडे बघितलं आणि बॉनेट उघडलं.

एरियलची तार काढली की खरखर थांबते, म्हणजे ती एरियलमधूनच आत शिरते, एवढं मंगळवारपर्यंत सिद्ध झालं. त्याने एरियलच्या बुडाचा गंज घासून काढला. प्लगच्या तारा बदलल्या. अल्टरनेटरला कंडेन्सर लावल्यावर मागची बारीक शिट्टी गेली, पण खरखर आपल्या जागी ठाण मांडून. गुरुवारी त्याने बॉनेट आणि बॉडी यांच्यामध्ये अर्थिंगची जाड पट्टी जोडली. या पट्टीवर त्याची मोठी भिस्त होती. काही फरक पडला नाही. सगळं वहीत लिहिलं गेलं. बॉनेट आठवडाभर उघडंच होतं. दर पाच मिनिटांनी आत हात घालायचा, तर लावायचं कशाला?

रविवारी पावणेदहालाच वडील इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या सीटवर येऊन बसले. इंजिन चालू होतं. रेडिओ चालू होता. खरखर चालू होती.

"दहा वाजले रे."

"हो बाबा."

"मग केंद्र लाव की."

"केंद्रावर आणलं की बोलण्याखाली खरखर लपते. शोधायची तर काटा दोन केंद्रांमधल्या रिकाम्या जागी ठेवावा लागतो."

वडिलांनी रिकाम्या जागेवरची खरखर थोडा वेळ ऐकली. "त्या खरखरीतून ऐकतो मी. मला चालेल."

"दोनच मिनिटं, बाबा. स्वच्छ ऐकवतो."

ती दोन मिनिटं दहा वाजून चोवीस मिनिटांपर्यंत पुरली. वडिलांनी दोनदा बटणाकडे हात नेला आणि दोनदा मांडीवर परत ठेवला. नवरेपणाच्या हक्काने हट्ट करावा, तर समोर मुलगा घामाघूम झालेला.

तेवढ्यात सून चहाचा ट्रे घेऊन आली. ट्रे ठेवायला जागा दिसेना. तिने बॉनेटची दांडी काढली, बॉनेट धाडकन खाली आपटलं आणि त्यावर ट्रे ठेवला.

खरखर बंद झाली.

"थांब! काय केलंस तू?"

"चहा," ती म्हणाली.

त्याने ट्रे तिच्या हातात दिला आणि बॉनेट उघडलं. खरखर. लावलं. शांत. म्हणजे पट्टी गुरुवारीच लागू पडली होती. बॉनेट लावायचं तेवढं राहिलं होतं. पण एकदा झालं ते योगायोगाने झालेलं असू शकतं. त्याने पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. तिसऱ्यांदाही तेच. त्याने वही काढून नोंद केली आणि खाली रेघ मारली.

"अहो, केंद्र लावा ना आता!" ती ओरडली. "काय लिहीत बसलाय!"

त्याने काटा केंद्रावर आणला. एका पुरुषाचा आवाज आला. कुणी शेजारी बसून बोलावं इतका स्पष्ट. "...इथेच थांबतो. नमस्कार." मग काहीच नाही. आठवडाभरात ऐकली नव्हती इतकी निर्मळ शांतता.

त्याने काटा थोडा पुढे नेला, थोडा मागे आणला.

"परत बिघडला?" वडिलांनी विचारलं.

"नाही बाबा. आता काही बिघाड नाही."

वडिलांनी मान हलवली.

"झाला असेल का रे तिचा आवाज ऐकवून?"

"झाला असेल."

"कसा होता?"

त्याच्या वहीत याची नोंद नव्हती. त्याने बायकोकडे बघितलं. ती ट्रे धरून तशीच उभी होती. चहावर साय धरली होती.

"बंद कर गाडी," वडील म्हणाले. "उगाच पेट्रोल जळतंय."

त्याने किल्ली फिरवली. रेडिओचा छोटा दिवा दोन मिनिटं तगला, मग मिणमिणत गेला.