डोमासाठी बांधलेल्या माश्या

वैशाखात तलाव गोठला आणि डोमा त्याच्याखाली राहायला गेला.

तलाव गोठल्याचं काठावरच्या टोल्यावर, मासेमारांच्या त्या वस्तीत, कुणाला फार नवल वाटलं नाही. डोक्यावर ऊन, पायाखाली बर्फ, म्हणून सुरुवातीला चार जण घसरून पडले, मग सरावले. ढिवरांनी डोंगे काठावर पालथे घातले, जाळी माळ्यावर टाकली आणि सब्बलीनं, म्हणजे लोखंडी पहारीनं, बर्फाला भोकं पाडून गळ सोडायला लागले. गळाला माशी बांधायची. कोंबड्याच्या मानेचं पीस, वर काळा दोरा, पोटाशी एक मणी. मण्याच्या वजनानं माशी खाली जाते आणि तळहाताएवढी चिलापी तिला खरी समजून गिळते. भागरताच्या हातची माशी सगळ्यांत चांगली, हे तिचं तोंड न बघणाऱ्या बायकाही कबूल करत.

डोमा हा तिचा नवरा. एका सकाळी तो भोकाशी उकिडवा बसला, आत डोकावला, "पाहून येतो," म्हणाला आणि उतरला. तो उतरलाच. काठापासून जवळच, बर्फातून स्वच्छ दिसेल अशा जागी, तळाशी मांडी घालून बसला. मेलाबिला नव्हता. डोळे मिचकवायचा, कंटाळा आला की कुशीवर व्हायचा. भागरता वर उभी राहून पाय आपटायची तेव्हा मान वर करून बघायचा, आणि पुन्हा चिखलात बोटानं रेघोट्या ओढत बसायचा.

"बाप्पा, एवढं काय मनावर घेता वैनी," फागोजी म्हणाले. हे मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष. "तुमचा मानूस कुठी पळून गेला का? डोळ्यासमोर हाय. पाह्यजे तवा जाऊन पाहाचं."

"पाहून काय करू? लोनचं घालू?"

"असं बोलू नये. घरात नसन, पन तलावात तं हाय ना!"

याच बोलण्यानं तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. मेला असता तर ती रडली असती. टाकून गेला असता तर शिव्या घालून मोकळी झाली असती. आता धड ना इकडची ना तिकडची! कुंकू लावायचं, सणाला त्याचं पान वाढायचं, आणि त्या पानाकडे बघत आपण जेवायचं. तिचा भाऊ तिला न्यायला आला, तर फागोजींनी त्याला हाताला धरून बर्फावर नेलं आणि डोमा दाखवला. भाऊ ओशाळून एकटाच परत गेला. भागरताला एकच हवं होतं. त्यानं वर यावं आणि चार माणसांत सांगावं, घरी येतो की नाही. नाही म्हणाला तरी चालेल, पण तोंडानं म्हणू दे.

म्हणून तिनं त्याच्यासाठी माश्या बांधायला घेतल्या.

मासा काय खातो ते ओळखून माशी बांधायची असते, आणि डोमाला काय आवडतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? तिनं तंबाखूच्या पानाची माशी बांधली. त्याच्या लाडक्या झुंजीच्या कोंबड्याचं पीस उपटून बांधली. लग्नातल्या शालूची जर उसवून बांधली. मणी संपले तेव्हा मंगळसूत्राला हात घातला. नवरा दिसतो आहे तोवर ते गळ्यातून उतरवायचं नाही, असं सगळ्यांनी बजावलं होतं. मग गळ्यात असतानाच एकेक मणी काढायचा आणि दोरा पुन्हा गाठायचा. माशी चिलापी पळवायची, मण्यासकट. डोमा नाकासमोर उतरणारी माशी बघायचा आणि जांभई द्यायचा. मंगळसूत्र आधी गळ्याला भिडलं, मग रुतलं. भागरताला भाकर ताकात कालवून गिळावी लागे. भोकंही आवळत चालली होती. सकाळी परातीएवढं पाडलेलं भोक दुपारी ताटलीएवढं होई.

डोमाची आई, कौतिकाबाई, इतके दिवस यात पडली नव्हती. एका दुपारी तिनं सुनेला ओसरीवर माशी डोळ्यांपुढे धरून न्याहाळताना पाहिलं.

"वरून काय पाह्यतं वो माशीले? मासा वर राह्यते का खाली?"

भागरतानं अंगणातल्या दांडीला उरल्यासुरल्या सगळ्या माश्या टांगल्या आणि त्यांच्याखाली उताणी पडली. तंबाखू, पीस, शालूची जर, काही म्हणजे काही दिसेना. आभाळापुढे सगळे काळे ठिपके. कोणता कशाचा, तिचं तिलाच सांगता येईना.

"म्हंजे मीबी अशीच दिसतो त्याले?" तिनं पडल्यापडल्या विचारलं.

"तूबी," कौतिकाबाई म्हणाली. "अन् मीबी."

भागरता ताडकन उठली. पाठीची माती झटकली नाही. गळाला लुगड्याचा दोरा कसाही गुंडाळला, मण्याची गाठ मारली आणि तणतणत तलावावर गेली. वाटेत फागोजींनी कुठं निघाल्या विचारलं, त्यांना मागं टाकून ती पुढं गेली. तिनं भोक चांगलं रुंद फोडलं आणि माशी डोमाच्या थेट नाकासमोर सोडली.

"खातो तं खा, नाही तं मर तिकडंच!"

डोमानं जांभई दिली.

"जा मसनात!" तिनं गळाचा दोर, तो तंगूस, खांद्यावर टाकला आणि घराकडे चालू लागली. मागं वळून बघितलं नाही.

माशी डोमाच्या नाकासमोरून पळाली. इतके दिवस येणारी माशी त्याला दिसत होती, जाणारी आज पहिल्यांदा दिसली. त्यानं झेप घेतली. भागरताच्या खांद्याला असा हिसका बसला की ती बर्फावर बसलीच. माणसं धावत आली, तंगूस धरून ओढू लागली. डोकं आलं, खांदे आले, छाती आली, आणि तिथं भोक आवळलं. डोमा छातीपर्यंत वर आणि बाकीचा खाली, असा घट्ट बसला.

"आला, आला!" फागोजी ओरडले. "वैनी, सोडा आता राग. आला तुमचा घरधनी!"

"अर्धा आला," भागरता म्हणाली.

"अर्धा तं अर्धा! पह्यले जेवू घाला त्याले."

कुणीतरी त्याच्या ओठातला गळ अलगद काढला. कुणीतरी पळत जाऊन भात आणि चिलापीचं कालवण आणलं, ताट तिच्या हातात दिलं. भागरता त्याच्यासमोर बसली. रुतलेल्या गळ्यातून आवाज बारीक निघाला, पण सगळ्यांनी ऐकला.

"घरी येतो का नाही तू? सांग."

जन्मात तिनं त्याला चारचौघांत अरे-तुरे केलं नव्हतं. बायकांनी तोंडाला पदर लावले.

डोमानं तोंड उघडलं. उत्तरासाठी नव्हे, घासासाठी. आणि भागरताच्या हाताला इतक्या वर्षांची सवय, त्या हातानं घास भरवलासुद्धा! स्वतःच्या त्या हाताचा तिला एवढा संताप आला की डोळ्यांत पाणी तरारलं. डोमानं सावकाश चावलं, काठाकडे बघितलं, गिळलं.

"मीठ कमी हाय," तो म्हणाला.

"बोलला! पाहा, बोलला!" फागोजींनी टाळी वाजवली.

भागरतानं ताट बर्फावर ठेवलं आणि सब्बल उचलली. माणसं मागं सरली.

"समोरून फोडा वैनी, समोरून," फागोजी घाईघाईनं म्हणाले. "म्हंजे ओढून घेता येते. मांगून फोडलं तं सरकन खाली जाईन तो."

भागरतानं पदर खोचला, डोमाला वळसा घालून त्याच्या पाठीमागं थांबली आणि सब्बल डोक्यावर नेली. डोमा पुढच्या घासासाठी तोंड उघडून बसला होता.