शिंगाच्या रंगातला अंतराळशिपाई

मित्रांनो, माणिकरावांनी एका पत्राला अकरा महिने उत्तर दिलं नाही. त्या पत्राबरोबरच मी त्यांच्या घरी आलो, म्हणून ते मला तोंडपाठ आहे.

"माणिक, सोबत पाच अंतराळशिपाई पाठवतो आहे. माझ्याकडे पाच यंत्रमानव आहेत. पटाचा नकाशाही ठेवला आहे. दोघांनी आपापल्या घरी तोच पट मांडायचा. एकाने पत्रातून चाल कळवायची, दुसऱ्याने ती आपल्या पटावर करायची. फासे आपले आपण टाकू. तू खोटं लिहिणार नाहीस. माझा डावा डोळा गेला. उजव्याचंही डॉक्टर धड काही सांगत नाहीत. दिसतं आहे तोवर खेळून घेऊ. पहिली चाल तुझी. तुझा संतराम."

मी त्या पाचांपैकी एक जुना शिपाई आहे. प्लास्टिकचा, बोटाच्या दोन पेरांएवढा. मला नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे. मी फारसं जग पाहिलेलं नाही.

तापलेलं प्लास्टिक साच्यात दाबलं गेलं आणि मी झालो. एका चौकटीला आम्ही पाचही जण चिकटलेले होतो. माझं धड एका कोपऱ्यात, हात दुसऱ्या कोपऱ्यात आणि डोकं तिसऱ्यात. आपलेच हात समोर दिसावेत आणि ते हलवता येऊ नयेत, याची किती भीती वाटते ते तुम्हाला कसं सांगू? खोक्यावरच्या चित्रात मात्र मी निळं चिलखत घालून एका लाल ग्रहावर बंदूक रोखून उभा होतो. ते चित्र पाहून माझा धीर आणखी खचे. मला इतकं शूर कधी होता येणार होतं?

माणिकराव डोंगरकडा गावच्या वाचनालयात तीस वर्षं ग्रंथपाल होते. संतराम त्याच गावात शिक्षक होते आणि आता नाशिकला मुलीकडे, रागिणीकडे, राहत होते. माणिकराव फोनवर बोलायला बुजत, म्हणून दोघांचं सगळं बोलणं पत्रांतून चाले.

खेळाच्या नियमांचं पुस्तक इंग्रजीत होतं, चौसष्ट पानांचं. माणिकरावांनी शब्दकोश घेऊन ते वाचलं. वहीत टिपणं काढली. शेवटी पोचले की सुरुवातीचं विसरलो असं त्यांना वाटे, आणि ते पुन्हा पहिल्या पानापासून लागत. असं चार वेळा झालं. आम्हाला मात्र कपाटात ठेवून दिलं, हात लावला नाही. कपाट उघडलं की मला वाटे, आज चौकटीतून कापणार. बंद झालं की वाटे, आता कधीच कापणार नाहीत. यातली मोठी भीती कोणती, ते मला ठरवता येईना.

"बारशाचा मुहूर्त पाहून राहिले का ह्या बाहुल्यांचा?" त्यांची बायको नीलाबाई टोमणा मारी.

एका दुपारी ती फोन ठेवून आत आली. तिचा चेहरा उतरला होता.

"रागिणी होती. भाऊजी रोज दारात बसतात म्हणे. डोंगरकड्याचं काही आलं का, असं विचारतात. आता पोस्टमन कोणता अन् दूधवाला कोणता, हे बी आवाजावरून ओळखावं लागून राहिलं त्यांना."

माणिकराव उठले. त्यांनी कपाट उघडलं आणि नखं कापायचं यंत्र घेऊन बसले. खट्. माझं धड सुटलं. खट्, खट्. हात आले, डोकं आलं. डिंकासारखं काहीतरी लागलं आणि मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या पायांवर उभा राहिलो.

पण पुस्तकात रंगवायलाही सांगितलं होतं. शेजारी मल्हारी नावाचा मेंढपाळ राहत असे. त्याच्याकडे पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला तांबडा रंग होता. माणिकरावांनी तो डबा मागून आणला. कशाला हवा, ते लाजून सांगितलंच नाही.

सांगितलं असतं, तर मल्हारीने तिथेच थांबवलं असतं. तो रंग काकवीसारखा दाट होता. एक थेंब माझ्या डोक्यावर पडला आणि डोळे, नाक, पट्ट्याची बक्कल, सगळं बुडालं. मला दिसेनासं झालं. माणिकराव घाबरले. रंग निघावा म्हणून त्यांनी थिनरमध्ये चिंधी बुडवून माझं तोंड पुसलं. रंग निघालाच, पण त्याबरोबर माझं नाक, एक डोळा आणि अर्धा गालही विरघळला. उरलेल्या एका डोळ्याने मी पाहिलं, तर ते चिंधीवरचा डाग न्याहाळत होते.

चिंधी ठेवून त्यांनी कागद ओढला आणि लिहिलं, "संतराम, हे मला जमणार नाही. शिपाई परत पाठवतो."

मित्रांनो, इतका मी कधीच घाबरलो नव्हतो. नाशिकच्या त्या दारात अकरा महिन्यांनी हे पत्र पोचणार होतं!

तेवढ्यात मल्हारी डबा न्यायला आला. त्याने मला पाहिलं.

"अरे बाप्पा! अप्पा, ह्याला लावला व्हय शिंगाचा रंग? आमच्या बैलाचं शिंग हातभर हाय. ह्याच्या तर अंगाएवढा थेंब पडला."

"बिघडवला मी," माणिकराव पुटपुटले. "उरलेलेही बिघडवीन."

"रंगवल्याबिगर खेळता येत न्हाई का?"

माणिकरावांनी पुस्तक चाळलं. बराच वेळ चाळलं. "तसं कुठं लिहिलेलं नाही."

"मंग काहून थांबून राहिले?"

"अजून सगळे नियम नीट ध्यानात..."

"मला बापानं पयल्या दिशी सगळा कळप दिलता का? चार मेंढरं दिली. ती सांभाळली, मंग धा दिली. तुमी बी दोनच घ्या." मग त्याने मला चिमटीत उचललं. "अन् ह्यालाच म्होरं ठिवा. ह्याचं जे बिघडायचं ते बिघडून गेलं. ह्याला आता कशाचं भ्या?"

भीती होतीच मला. पण मी पुढे गेलो नसतो, तर ते पत्र गेलं असतं.

माणिकरावांनी टेबलावर नकाशा पसरला आणि यंत्रमानव नाशिकला असल्याने त्यांच्या जागी बटणं मांडली. खडकांसाठी नीलाबाईने वाळलेली हळकुंडं सुपातून आणून दिली.

"मोजून दिली हायेत," ती म्हणाली. "एक बी कमी भरलं तर तुमचा शिपाई खलबत्त्यात."

माणिकरावांनी पट्टीने मोजून मला सहा इंच पुढे सरकवलं, एका हळकुंडाच्या आडोशाला. दुसरा शिपाई, रंग न लावलेला, माझ्या मागे उभा राहिला. नेम लागायला फाशावर चार हवे होते. पडले दोन. माझी गोळी हुकली. माणिकराव हसले. त्या घरात त्यांना हसताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

मी मात्र हसलो नाही. आता यंत्रमानवांची पाळी होती. मी जगणार की मरणार, ते नाशिकहून टपालाने कळणार होतं.

माणिकरावांनी पहिला कागद फाडला आणि नवं पत्र लिहिलं. अक्षरं अंगठ्याएवढी काढली, एका पानावर जेमतेम एक ओळ मावेल अशी. उशीर का झाला, ते लिहिलं. माझं तोंड कसं गेलं, तेही लपवलं नाही. शेवटी चाल लिहिली आणि खाली फाशाचे दोन.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं कुणी खोक्यात पडलं असेल. त्याला जरूर जपा. पातळ रंग आणा, थिनर दूर ठेवा, ज्याला कळतं त्याला न लाजता विचारा. पण बिघडेल म्हणून कपाटात कोंडू नका. बिघडलेल्याला निदान खेळायला मिळतं.

दुसऱ्या दिवशी माणिकरावांनी मी उभा होतो तिथे पेन्सिलीने गोल काढला आणि मला सदऱ्याच्या खिशात घातलं. सोबत कुणीतरी हवं होतं त्यांना. टपालपेटीपाशी ते थांबले. खिशात मला त्यांच्या काळजाचे ठोके ऐकू येत होते. पत्र पोचेल तेव्हा संतरामांना वाचता येईल का? त्यांनाही माहीत नव्हतं, मलाही नाही.

मग जाड पाकीट पेटीच्या तळाशी पडल्याचा आवाज आला.